नाराज मतदाराचा दुसरा आकडा

जून २०२२ मधली राज्यसभेची निवडणूक आठवत असेल. महाराष्ट्रातून सहा जागा होत्या आणि उमेदवार सात. शिवसेनेच्या संजय पवारांना पहिल्या पसंतीची ३३ मतं पडली, भाजपच्या धनंजय महाडिकांना २७. निवडून आले महाडिक. ३३ वाला हरतो आणि २७ वाला जिंकतो, हे गणित कुठलं, असा प्रश्न तेव्हा भल्याभल्यांना पडला होता. ‘दुसऱ्या पसंतीची मतं’ एवढं उत्तर बातम्यांत मिळालं आणि विषय पुढे गेला. मग पुन्हा पदवीधर मतदारसंघाची निवडणूक आली की मतपत्रिकेवर १, २, ३ असे आकडे लिहायची वेळ येते आणि तोच गोंधळ नव्याने सुरू होतो.

या पद्धतीला पसंतीक्रमाची पद्धत म्हणतात. तिचं गणित अवघड नाही, ते खाली येईलच. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो एक प्रश्न, ज्याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही: आपल्याच पक्षावर चिडलेल्या माणसाच्या हातात ही पद्धत नेमकं काय देते? पक्षाच्या निष्ठावंताला काय, तो कुठल्याही पद्धतीत आपलं चिन्ह शोधून मत देतो. नाराजाचं तसं नसतं.

सतरंज्या उचलणाऱ्याची कोंडी

समजा, तुम्ही एका पक्षाचे वीस वर्षांचे मतदार आहात. सभांना सतरंज्या टाकल्या आणि उचलल्या. यंदा पक्षाने तिकीट दिलं ते आठवडाभरापूर्वी दुसऱ्या पक्षातून आलेल्या माणसाला. तुम्ही चिडलात. आता करणार काय?

लोकसभा-विधानसभेच्या आपल्या पद्धतीत, म्हणजे ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी या पद्धतीत, तुमच्यापुढे चारच वाटा असतात आणि चारही वाईट. नाक मुठीत धरून त्याच चिन्हाचं बटण दाबलंत, तर पक्षाला तुमचा राग कळतच नाही. घरी बसलात, तर तुमचं मत एकूण हिशोबातून गळतं. ‘नोटा’ दाबलंत, तर राग नोंदला जातो, पण निकालावर परिणाम शून्य. २०२४ मध्ये इंदूरमध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी माघार घेतली, तेव्हा तिथे तब्बल २ लाखांहून अधिक लोकांनी नोटा दाबलं. भाजपचे उमेदवार तरीही दहा लाखांपेक्षा जास्त मताधिक्याने निवडून आले. आणि चौथी वाट बंडखोराची. त्याला मत दिलंत, तर तुमच्या पक्षाची मतं फुटतात आणि ज्या विरोधकाला तुम्ही जन्मात मत दिलं नसतं तो मधल्यामध्ये निवडून येतो.

ही मतविभागणीची भीती पक्षांना चांगली ठाऊक असते. ‘मत वाया घालवू नका’ हे वाक्य प्रत्येक निवडणुकीत ऐकू येतं ते त्यामुळेच. खरं तर त्या वाक्याचा अर्थ असा, की तुम्ही आमच्यावर कितीही चिडा, तुम्हाला जायला जागा नाही. पसंतीक्रमाची पद्धत नेमकी ही जागा तयार करते.

आकडे लिहायचे म्हणजे नेमकं काय

हॉटेलात गेल्यावर आपण वेटरला सांगतो, “उपमा आण. उपमा संपला असेल तर पोहे. तेही नसतील तर मिसळ.” यात आपण तीन पदार्थ मागितले नाहीत, एकच मागितला. फक्त पहिला मिळाला नाही तर काय, हे आधीच सांगून ठेवलं. पसंतीक्रमाचं मत हे असंच असतं.

मतपत्रिकेवर आवडत्या उमेदवारापुढे १, त्यानंतरच्यापुढे २, मग ३ असं लिहायचं. मोजणीच्या पहिल्या फेरीत सगळ्यांचे ‘१’ मोजतात. कोणाला निम्म्याहून जास्त मिळाले, तर तो जिंकला. कोणालाच मिळाले नाहीत, तर सगळ्यात कमी मतांचा उमेदवार बाद होतो. त्याच्या मतपत्रिका फेकून देत नाहीत. त्या उघडून ‘२’ कोणाला दिलाय ते पाहतात आणि ती मतं त्या त्या उमेदवाराकडे जातात. तरीही कोणी निम्म्याच्या पुढे गेला नाही, तर पुन्हा तळाचा एक बाद. असं करत करत कोणीतरी निम्मा टप्पा ओलांडतो.

एका माणसाला दोन-तीन मतं मिळतात असा आक्षेप यावर नेहमी येतो. तो खरा नाही. प्रत्येक फेरीत प्रत्येक मतपत्रिका एकदाच मोजली जाते. ज्याचा पहिला उमेदवार शर्यतीत आहे त्याचं मत त्याच्याकडेच पुन्हा मोजलं जातं, ज्याचा बाद झाला त्याचं पुढच्याकडे.

राज्यसभेत मात्र एकाच वेळी अनेक जागा भरायच्या असतात, म्हणून तिथे थोडा फरक पडतो. निवडून यायला लागणाऱ्या मतांना कोटा म्हणतात. २०२२ मध्ये तो साधारण ४१ होता. भाजपच्या पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मतं मिळाली, म्हणजे गरजेपेक्षा साताठ जास्त. हे जादा मूल्य त्या मतपत्रिकांवरच्या दुसऱ्या पसंतीकडे, म्हणजे महाडिकांकडे गेलं आणि ते ३३ च्या पुढे निघून गेले. ते नाराजीचं नव्हे, आखणीचं काम होतं. नाराजीचा खेळ समजून घ्यायचा तर ही पद्धत शंभर वर्षं सर्वसामान्य मतदाराच्या हातात असलेल्या देशात जावं लागेल, म्हणजे ऑस्ट्रेलियात. मेलबर्न-सिडनीत नागरिकत्व घेतलेली आपली कितीतरी माणसंही आता अशाच मतपत्रिका भरतात.

ही पद्धत आली तीच नाराजीमुळे

२६ ऑक्टोबर १९१८. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या स्वान मतदारसंघात पोटनिवडणूक होती. युद्धकाळातल्या सरकारी धोरणांवर शेतकरी नाराज होते. ते एरवी उजव्या बाजूचे मतदार, पण या वेळी त्यांनी सत्ताधारी नॅशनलिस्ट पक्षासमोर स्वतःचा उमेदवार उभा केला. उजव्यांची मतं दोघांत वाटली गेली आणि लेबर पक्षाचा २२ वर्षांचा एडविन कॉरबॉय अवघ्या ३४ टक्के मतांवर निवडून आला. दर तीन मतदारांपैकी जवळपास दोघांना तो नको होता.

पंतप्रधान बिली ह्यूज यांच्या सरकारने धडा घेतला आणि त्याच वर्षी कायदा बदलून पसंतीक्रम आणला. शेतकऱ्यांना त्यांचा पक्ष काढू द्या, रागाने त्यांना ‘१’ लिहू द्या, ‘२’ आपल्याला मिळाला की झालं, असा त्यामागचा साधा हिशोब. डिसेंबरमध्ये व्हिक्टोरियातल्या कोरंगमाइट पोटनिवडणुकीत तो लगेच खरा ठरला. लेबरचे जेम्स स्कलिन, जे पुढे पंतप्रधान झाले, ते पहिल्या पसंतीत आघाडीवर होते. जिंकला शेतकऱ्यांचा उमेदवार.

हे सांगायचं कारण असं, की ही पद्धत काही कोणा आदर्शवाद्याने लोकशाहीच्या भल्यासाठी आणली नव्हती. सत्ताधाऱ्यांनी आपल्याच घरातली फूट झाकायला आणली. पण एकदा आकडे मतदाराच्या हातात गेल्यावर ते कोणासाठी वापरायचे हे त्याने ठरवलं.

जागा एकही नाही, तरी सतरा वर्षं सत्ता रोखली

नाराजांची ताकद किती असू शकते याचं सगळ्यात मोठं उदाहरण लेबर पक्षाच्याच वाट्याला आलं. १९५५ मध्ये हा कामगारांचा पक्ष फुटला. कामगार संघटनांमध्ये कम्युनिस्टांचा प्रभाव वाढतोय, असं पक्षातल्या एका गटाचं म्हणणं होतं. त्यात कॅथलिक कामगार मोठ्या संख्येने होते. हा गट बाहेर पडला आणि पुढे डेमोक्रॅटिक लेबर पार्टी, म्हणजे डीएलपी, म्हणून ओळखला गेला.

हे लोक पिढीजात लेबरवाले. वडील लेबर, आजोबा लेबर. श्रीमंतांच्या समजल्या जाणाऱ्या लिबरल पक्षाला पहिलं मत द्यायला त्यांचा हात उचलला नसता. त्यांनी डीएलपीला ‘१’ दिला आणि पुढच्या क्रमांकांत लिबरलांना लेबरच्या वर ठेवलं. डीएलपीने या काळात कनिष्ठ सभागृहाच्या सार्वत्रिक निवडणुकीत एकही जागा जिंकली नाही. तरीही १९६१ आणि १९६९ या दोन्ही निवडणुकांत डीएलपीच्या मतदारांची पुढची पसंती नसती तर लेबरचं सरकार येऊ शकलं असतं. १९६९ ची गोष्ट तर चटका लावणारी आहे. सगळ्या पसंती वाटून झाल्यावर देशभरात लेबरला ५० टक्क्यांपेक्षा किंचित जास्तच मतं होती, पण जागांत ते मागे राहिले. गफ व्हिटलम यांच्या नेतृत्वाखाली लेबर सत्तेत आलं ते थेट डिसेंबर १९७२ मध्ये.

आपल्या पद्धतीत डीएलपीसारखा गट दोन-तीन निवडणुकांत विरून गेला असता. मतदारांना वाटलं असतं, यांना मत देऊन उपयोग काय? पसंतीक्रमात त्यांना आपली ओळखही ठेवता आली आणि निकालही फिरवता आला. हे लेबरच्या दृष्टीने वाईट झालं की चांगलं, हा वेगळा वाद. पण पक्षाने आपल्याच माणसांना गृहीत धरलं तर काय किंमत मोजावी लागते, ते त्या सतरा वर्षांत दिसलं.

लादलेल्या उमेदवाराची गत

अलीकडचं उदाहरण आपल्या वाचकाला जास्त जवळचं वाटेल. पश्चिम सिडनीतला फाउलर हा मतदारसंघ १९८४ पासून लेबरचा. व्हिएतनामहून आलेल्या कुटुंबांची तिथे मोठी वस्ती. २०२२ मध्ये तिथून एक स्थानिक वकील तरुणी इच्छुक होती. पक्षाने तिला बाजूला सारून क्रिस्टिना केनेली यांना उतरवलं. त्या न्यू साउथ वेल्सच्या माजी मुख्यमंत्री, पण राहायला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, समुद्राकाठी.

फाउलरच्या लेबर मतदारांनी लिबरलांना जवळ केलं नाही. त्यांच्यासमोर दाई ले या अपक्ष होत्या, त्याच भागातल्या आणि लहानपणी व्हिएतनामहून निर्वासित म्हणून आलेल्या. पहिल्या पसंतीत केनेलींना ३६ टक्के, दाई लेंना साडेएकोणतीस. लिबरल उमेदवार बाद झाल्यावर त्याच्या मतपत्रिकांवरचे पुढचे आकडे मुख्यतः दाई लेंकडे गेले आणि त्या सुमारे ५२ टक्क्यांवर जिंकल्या. पुढच्या वेळी लेबरने तीच डावललेली स्थानिक वकील उभी केली. दाई लेंनी जागा तरीही राखली.

इथे नीट पाहिलं तर दोन वेगळे राग एकत्र आले. लेबरच्या नाराजांनी अपक्षाला ‘१’ दिला, आणि लिबरल मतदारांनी ‘आमचा नाही तर निदान लेबर नको’ म्हणून पुढचा आकडा दिला. दोघांना कसली युती करावी लागली नाही, एकमेकांच्या सभेला जावं लागलं नाही, झेंडा बदलावा लागला नाही.

त्याच निवडणुकीत मेलबर्नच्या कुयाँगमध्ये उलट्या बाजूने हेच घडलं. अर्थमंत्री जॉश फ्रायडनबर्ग यांची ही जागा. एके काळी पंतप्रधान मेन्झींची. शंभर वर्षांहून अधिक काळ लिबरल आणि त्यांच्या पूर्वसुरींकडे. हवामानबदलावर पक्ष काही करत नाही म्हणून तिथले सुखवस्तू मतदार चिडले होते. फ्रायडनबर्ग पहिल्या पसंतीत ४२.७ टक्क्यांवर पुढे होते, अपक्ष डॉक्टर मोनिक रायन ४०.३ वर. शेवटी रायन जिंकल्या. अशा अपक्षांना तिथे त्यांच्या प्रचाराच्या रंगावरून ‘टील’ म्हणतात. गंमत म्हणजे निवडणुकीनंतरच्या ऑस्ट्रेलियन इलेक्शन स्टडी या पाहणीत दिसलं, की टीलना मत देणाऱ्यांत पूर्वीचे लिबरल मतदार थोडे होते. बहुतेक आधी लेबर किंवा ग्रीन्स या पर्यावरणवादी पक्षाला मत देणारे निघाले. म्हणजे नाराज निष्ठावंत मोठ्या संख्येने लागतच नाहीत. शंभरात पाच-सहा हलले आणि बाकीच्यांनी आपला क्रम त्यांच्या सोयीने लावला, तरी बालेकिल्ला पडतो.

सगळ्यात जास्त मतं मिळवणारा हरतो, हा अन्याय नाही का?

हा प्रश्न पडायलाच हवा. १९९८ मध्ये क्वीन्सलँडच्या ब्लेअर मतदारसंघात पॉलिन हॅन्सन यांना पहिल्या पसंतीची ३६ टक्के मतं मिळाली. लेबरला २५, लिबरल कॅमेरॉन थॉम्पसन यांना २२ च्या आत. निवडून कोण आलं? थॉम्पसन, म्हणजे तिसऱ्या क्रमांकाचे.

घडलं ते असं. लिबरलांच्या मित्रपक्षाचा, म्हणजे नॅशनल पक्षाचा, उमेदवार बाद झाला, त्याच्या पसंतीमुळे थॉम्पसन लेबरच्या पुढे गेले. मग लेबर बाद झालं आणि लेबरच्या मतदारांनी हॅन्सनपेक्षा थॉम्पसन परवडले असं ठरवलेलं होतं. शेवटच्या फेरीत थॉम्पसनना ५३ टक्क्यांहून अधिक मतं होती. हॅन्सन यांच्यामागे ३६ टक्के लोक ठामपणे होते, पण उरलेल्यांतल्या बहुसंख्यांना त्या नको होत्या. एकच बटण दाबण्याच्या पद्धतीत हे ‘नको’ कुठेही नोंदलं गेलं नसतं. माझं मत विचाराल तर हा न्यायच आहे: ज्याला निम्म्याहून जास्त लोक नाकारतात, त्याने त्या सगळ्यांचं प्रतिनिधित्व करावं हे मला पटत नाही.

पण याच निकालाची दुसरी बाजू लपवू नये. हॅन्सन या स्वतः लिबरल पक्षाने दूर केलेल्या नेत्या, त्यांचे बरेच मतदार मोठ्या पक्षांवर रागावलेले ग्रामीण लोक. त्यांच्या वन नेशन पक्षाला त्या वर्षी देशभरात आठ टक्क्यांहून जास्त मतं मिळाली आणि कनिष्ठ सभागृहात जागा शून्य. म्हणजे नाराजी एका कोपऱ्यात साठली आणि बाकी सगळ्यांना ती भीतीदायक वाटली, तर पसंतीक्रम तिला बाहेर ठेवतो. मधल्या माणसाला तो धार्जिणा आहे. २०२५ मध्ये हा फटका डाव्यांनाही बसला. ग्रीन्सचे नेते अ‍ॅडम बँट मेलबर्न मतदारसंघात पहिल्या पसंतीत पुढे असूनही हरले, कारण लिबरल मतदारांपैकी बहुतेकांनी लेबरला त्यांच्या वर ठेवलं होतं.

मग पक्ष आपली मतं एकमेकांना विकतात का?

‘अमक्या पक्षाने आपली दुसरी पसंती तमक्याला दिली’ अशा बातम्या ऑस्ट्रेलियातही येतात आणि त्यातून गैरसमज होतो. कनिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत पक्षाला कोणाचंही मत कोणालाही देता येत नाही. मतदान केंद्राबाहेर पक्षाचे कार्यकर्ते एक कार्ड वाटतात, त्यावर ‘असे आकडे लिहा’ असं छापलेलं असतं. सौदे होतात ते या कार्डावर कोणाला कुठे ठेवायचं याचे. ते पाळणं न पाळणं पूर्णपणे मतदाराच्या हातात. लहान पक्षांकडे प्रत्येक केंद्रावर कार्ड वाटायला माणसंही नसतात.

वरिष्ठ सभागृहात, सिनेटमध्ये, मात्र १९८४ ते २०१३ या काळात खरोखरच असं होतं. मतदाराने एका पक्षापुढे ‘१’ लिहिला की पुढचा सगळा क्रम त्या पक्षाने नोंदवलेला धरला जाई. त्याचा शेवट २०१३ मध्ये दिसला: व्हिक्टोरियातून रिकी म्युअर हे अर्ध्या टक्क्याच्या आसपास पहिल्या पसंतीवर सिनेटर झाले, कारण छोट्या पक्षांनी आपापसांत क्रम बांधून घेतले होते. मोठ्या पक्षांना कंटाळून ‘१’ लिहिणाऱ्यांना आपलं मत शेवटी कोणाकडे पोहोचलं हे कळलंही नाही. २०१६ मध्ये कायदा बदलला आणि क्रम पुन्हा मतदाराकडे आला. मला ही दुरुस्ती फार मोलाची वाटते. नाराजाचा राग हा त्याचा स्वतःचा असतो, त्याचा व्यापार कोणा मध्यस्थाने करू नये.

“पण मला दोघंही नकोत!”

हा सगळ्यात खरा आक्षेप आहे. ऑस्ट्रेलियात मतदान सक्तीचं आहे आणि संसदेच्या कनिष्ठ सभागृहासाठी सगळ्या उमेदवारांपुढे आकडे लिहावेच लागतात. म्हणजे तुम्हाला दोन्ही मोठ्या पक्षांचा वीट आला असला, तरी त्यांतला एक दुसऱ्याच्या वर ठेवावाच लागतो. शेवटी बहुतेक मतं त्या दोघांपैकी एकाच्याच पदरात जातात. २०२२ मध्ये लेबरने पहिल्या पसंतीच्या फक्त ३२.६ टक्के मतांवर १५१ पैकी ७७ जागा मिळवल्या, त्यात ग्रीन्सच्या मतदारांच्या पुढच्या आकड्यांचा वाटा मोठा होता. ग्रीन्सच्या दर दहा मतांपैकी साडेआठच्या आसपास मतं अशीच लेबरकडे येतात.

याविरुद्ध एक माणूस तुरुंगात गेला. अल्बर्ट लँगर हे मेलबर्नचे कार्यकर्ते. त्या वेळच्या कायद्यात एक फट होती: १, २, ३, ३, ३ असं लिहिलं तर मत बाद होत नसे, पण दोन ‘३’ आले की तिथून पुढे ते कोणाकडेही जात नसे. लँगर यांनी १९९६ च्या निवडणुकीत या युक्तीचा जाहीर प्रचार केला. असा प्रचार करायला मनाई होती. न्यायालयाचा आदेश मोडला म्हणून त्यांना कैद झाली आणि अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने त्यांना सदसद्विवेकाचे कैदी ठरवलं. १९९८ मध्ये ती फटही बुजवली गेली. मतपत्रिका कशी भरावी हे सांगितल्याबद्दल माणसाला गजाआड जावं लागलं, याचं समर्थन मी कुठल्याही पद्धतीच्या प्रेमाखातर करू शकत नाही.

दुसरा पर्याय ऐच्छिक पसंतीक्रमाचा. न्यू साउथ वेल्स राज्याच्या विधानसभेसाठी तो आहे: ‘१’ लिहा, पुढे हवं तर लिहा, नको तर नका लिहू. उपमा नसेल तर काही नको, असं म्हणण्याची मुभा. सुटसुटीत वाटतो, पण त्याचा परिणाम फार मोठा असतो. तुमचा उमेदवार बाद झाला आणि पुढे आकडा नसला, तर तुमचं मत तिथेच संपतं आणि बाकीचे निकाल ठरवतात. क्वीन्सलँडमध्ये २००१ साली मुख्यमंत्री पीटर बिटी यांनी ‘फक्त १ लिहा’ असा प्रचार केला. उजव्या बाजूची मतं तेव्हा वेगवेगळ्या पक्षांत फुटलेली होती. रागावलेल्या उजव्या मतदारांनी फक्त ‘१’ लिहिला, त्यांची मतं एकमेकांपर्यंत पोहोचली नाहीत आणि लेबरने ८९ पैकी ६६ जागा जिंकल्या. म्हणून ऐच्छिक पद्धतीत ‘पुढे काही लिहू नका’ असा सल्ला कोणी देत असेल, तर त्याचा फायदा कोणाला, हे आधी पाहावं.

आणि दोघंही नको असले तरी पहिला आकडा फुकट जात नाही. ऑस्ट्रेलियात ज्या उमेदवाराला पहिल्या पसंतीची किमान ४ टक्के मतं मिळतात, त्याला निवडणूक खर्चासाठी सरकारी निधी मिळतो, २०२२ मध्ये तो मतामागे साधारण तीन डॉलर होता. तो ठरतो फक्त ‘१’ वरून. राग व्यक्त करायला ‘१’ आणि निकाल ठरवायला पुढचा क्रम, अशी विभागणी तिथला जाणता मतदार करतो.

अशिक्षित मतदाराला जमेल का?

ऑस्ट्रेलियात शंभरातली पाचेक मतं बाद होतात, हे खरं. पण आठशेहून अधिक भाषांच्या पापुआ न्यू गिनीने २००७ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून तीन नावांपुरता पसंतीक्रम लागू केला. त्याआधी तिथे एक-पंचमांशाहूनही कमी मतांवर माणसं खासदार होत. जिथे शाळाच कमी, तिथले लोक तीन नावांचा क्रम लावतात. आपल्याला जमणार नाही असं मी मानत नाही.

देशमुखांना पडलेली मतं

आपल्या देशात नाराजी आणि पसंतीक्रम यांची सगळ्यात मोठी गाठ पडली ती १९६९ च्या राष्ट्रपती निवडणुकीत. झाकीर हुसेन यांचं मे महिन्यात निधन झालं. काँग्रेसच्या संसदीय मंडळाने इंदिरा गांधींच्या मनाविरुद्ध नीलम संजीव रेड्डी यांचं नाव ठरवलं. रेड्डींच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत यशवंतराव चव्हाणही होते. व्ही. व्ही. गिरी अपक्ष म्हणून उभे राहिले. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाने उमेदवारी दिली ती रायगडच्या मातीतल्या चिंतामणराव देशमुखांना, ज्यांनी १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं होतं.

काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पांनी या दोन पक्षांकडे रेड्डींसाठी दुसऱ्या पसंतीची मागणी केली. तेच इंदिराजींच्या गटाने हत्यार म्हणून वापरलं: उजव्यांशी हातमिळवणी करणाऱ्या उमेदवाराला मत द्यायची सक्ती कशाला? व्हिप निघाला नाही, ‘अंतरात्म्याच्या आवाजा’ने मत द्या असं सांगण्यात आलं. राष्ट्रपती निवडणुकीत आमदार-खासदारांच्या मतांना ठरावीक मूल्य असतं. त्या मूल्यात गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मिळाले. हवे होते ४,१८,१६९. गिरी साडेसोळा हजारांनी कमी पडले.

मग देशमुख आणि इतर बारा उमेदवारांच्या मतपत्रिकांवरचे पुढचे आकडे मोजले गेले. त्यांतले ९१ हजारांहून अधिक रेड्डींना गेले, साडेअठरा हजार गिरींना. तेवढे पुरले. गिरी ४,२०,०७७ वर राष्ट्रपती झाले आणि नोव्हेंबरात काँग्रेस फुटली. दुसऱ्या पसंतीपर्यंत मोजणी गेलेली ही आजवरची एकमेव राष्ट्रपती निवडणूक. पक्षातल्या नाराजांनी गिरींना उंबरठ्यावर आणलं आणि आत नेलं ते विरोधकांच्या उमेदवाराला मत देणाऱ्यांतल्या थोड्यांनी, कदाचित त्यांना स्वतःला त्याचं महत्त्व तेव्हा वाटलंही नसेल.

पदवीधराच्या हातातला जांभळा पेन

सर्वसामान्य मराठी मतदाराला ही पद्धत प्रत्यक्ष वापरायला मिळते ती विधान परिषदेच्या सात पदवीधर आणि सात शिक्षक मतदारसंघांत. २०२३ मध्ये अमरावती पदवीधरमध्ये पहिल्या पसंतीत कोणीच कोटा गाठला नाही. बाद फेऱ्या चालत राहिल्या आणि भाजपचे रणजित पाटील हरून काँग्रेसचे धीरज लिंगाडे निवडून आले. इथला पसंतीक्रम ऐच्छिक आहे, म्हणून क्वीन्सलँडचा धडा इथे लागू पडतो. अधिकृत उमेदवारावर चिडून बंडखोराला ‘१’ देणार असाल आणि तिसरा निवडून यायला नको असेल, तर ‘२’ लिहायला विसरू नका. तुमचा बंडखोर बाद झाल्यावर तुमच्या वतीने बोलणारा तोच एक आकडा उरतो.

माझ्या मते ही पद्धत सगळ्यात आधी सरपंच आणि नगराध्यक्षांच्या थेट निवडणुकीत आणून पाहायला हवी. एक पद, पाच-सहा बंडखोर, आणि पंचवीस-तीस टक्क्यांवर गावाचा कारभारी ठरतो, हे तिथे वारंवार घडतं. मतदान यंत्रात बदल करावा लागेल, मोजणीला वेळ लागेल, पण लहान मतदारसंघात दोन्ही आवाक्यातलं आहे.

तोवर पदवीधर आणि शिक्षकांनी एवढं तरी करावं. प्रत्येक निवडणुकीसाठी यादी नव्याने होते, आधीची नोंद चालत नाही. पदवीधरांसाठी नमुना १८, शिक्षकांसाठी नमुना १९. पदवी मिळून तीन वर्षं झालेली असावीत. केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या स्केचपेननेच लिहावं, खिशातला पेन काढू नये. आकडे मराठी, इंग्रजी किंवा रोमन अंकांत चालतात. अक्षरांत ‘एक’, ‘दोन’ लिहिलं किंवा टिकमार्क केली तर मत बाद. ‘१’ एकाच नावापुढे, आणि तो हवाच. त्याखाली जितक्या नावांबद्दल तुमचं काही मत असेल, तितके आकडे लिहा.